निखात धन कोणाचे? : ‘आक्रीत’ आणि ‘मानवत मर्डर्स’ यांच्या निमित्ताने

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. महाराष्ट्रात मात्र त्याचे नाव घेतले जाते ते नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तेथे झालेल्या खुनांमुळे. बहात्तरच्या दुष्काळाने मराठवाडा होरपळत असताना या गावात लहान मुली, स्त्रिया आणि एक तान्हे मूल यांची एकामागून एक हत्या झाली. फिर्यादी पक्षाने न्यायालयापुढे मांडलेल्या हकीकतीचे सार असे की, पिंपळाखाली गुप्तधन पुरलेले आहे, त्यावरील मुंजाला रक्ताचा बळी दिला म्हणजे ते हाती लागेल आणि त्याच विधीने मूल नसलेल्या स्त्रीला अपत्यप्राप्तीही होईल, या समजुतीतून हे खून करविण्यात आले. प्रत्यक्ष हत्या करणाऱ्यांना शिक्षा झाल्या. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता ते अखेर निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ सालचा या प्रकरणातील निकाल माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला कितपत महत्त्व द्यावे या प्रश्नावर आजही आधाराला घेतला जातो.

या घटनेवर दोन उल्लेखनीय कलाकृती झाल्या. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर अमोल पालेकर यांनी १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि त्यातील मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. पुढे या प्रकरणाचा तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. आमच्या अभ्यासवर्गात विनयपिटकातील पाराजिक-कांडाचे वाचन चालू असताना ही मालिका पाहण्यात आली, आणि तिच्या निमित्ताने जुन्या चित्रपटाचीही चर्चा झाली. तेव्हा जे जाणवले ते येथे मांडीत आहोत. अभिनय, छायाचित्रण इत्यादींविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या पिंपळाखाली खरोखरच हंडा असता, तर तो कोणाचा झाला असता? दोन्ही कलाकृती या प्रश्नाच्या जवळून जातात आणि तो न विचारताच पुढे निघून जातात. हा प्रश्न वगळल्यामुळे मानवतच्या घटनेचा अर्थ अर्धा राहतो, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम ‘आक्रीत’चा विचार करू. तेंडुलकरांनी आणि पालेकरांनी खऱ्या व्यक्तींची नावे बदलली. मुकुटराव आणि रुही ही त्यांची पात्रे. आरोपी निर्दोष सुटल्यानंतर चारच वर्षांनी येणाऱ्या चित्रपटाने हा विवेक पाळला याची नोंद घेतली पाहिजे. चित्रपटाच्या केंद्रस्थानी हे स्त्री-पुरुष आहेत, पोलीस नाहीत. तेंडुलकरांचा हिंसेविषयीचा शोध सर्वांना परिचित आहे. माणूस हिंसेपर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जातो हे पाहण्याची त्यांची सवय येथेही दिसते. म्हणूनच आम्हाला अशी अपेक्षा होती की, तेंडुलकर अगदी पहिल्या पायरीवर थांबतील. जमिनीत पुरलेले धन आपले आहे असे माणसाला मुळात कशावरून वाटते? चित्रपट ही पायरी गृहीत धरतो. धनाची लालसा तेथे वासनेप्रमाणेच एक नैसर्गिक भूक म्हणून येते, आणि भुकेला मालकीचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

‘मानवत मर्डर्स’चा मार्ग याच्या उलट आहे. कथा तपास-अधिकाऱ्याच्या आठवणींवर आधारलेली असल्याने तिचा डोळा तपासाचा आहे. खून कोणी केले, कोणी करविले, साक्षीदार कसे बोलते झाले, यांत ती रमते. आशुतोष गोवारीकर यांनी केलेला अधिकारी संयमी आहे, आणि मालिकेत आरडाओरडा कमी आहे हा तिचा गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण गुप्तधन तेथे ‘हेतू’ या कायदेशीर रकान्यात जाऊन बसते. हेतू सापडला की तपास पुढे सरकतो, आणि प्रेक्षकही. सारे पाहून झाल्यावर मनात जे उरते ते असे : ही माणसे अडाणी होती, अंधश्रद्ध होती, क्रूर होती. धन मिळविण्याचा त्यांचा मार्ग अघोरी होता. धनाविषयीची त्यांची धारणा मात्र आपल्यासारखीच होती, हे प्रेक्षकाला टोचत नाही. मालिकेने गावाचे नाव आणि त्या प्रकरणातील माणसांची नावे तशीच ठेवली आहेत, ज्यांना न्यायालयाने सोडले त्यांचीसुद्धा. न दिलेले घेणे म्हणजे काय याचा विचार करणाऱ्यांना येथे थोडे थांबावेसे वाटते. गावातल्या आजच्या पिढीचा तर या साऱ्याशी काहीच संबंध नाही, आणि तरी तिच्या गावाच्या नावापुढे हा इंग्रजी शब्द कायमचा लागला.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळू.

आपल्या बोलण्यात ‘सापडले ते आपले’ हा न्याय फार मुरलेला आहे. रस्त्यात सापडलेले पाकीट, बसमध्ये राहिलेली पिशवी, जुने घर पाडताना भिंतीत निघालेली नाणी, या सर्वांना आपण एकच शब्द लावतो : घबाड. कायद्याला हे मान्य नाही. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ४०३ मध्ये सापडलेल्या वस्तूचा विचार होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच कलम ३१४ मध्ये आला आहे. वस्तू सांभाळण्यासाठी किंवा मालकाला परत करण्यासाठी उचलली तर तो अपराध नाही. मालक कोण हे ठाऊक असून, किंवा ते शोधण्याचे साधन हाती असून ती आपलीशी केली, किंवा वाजवी शोध न घेता आणि वाजवी काळ वाट न पाहता वापरून टाकली, तर तो अपराध होतो. नव्या संहितेत त्यासाठी सहा महिन्यांहून कमी नाही आणि दोन वर्षांपर्यंत असा कारावास, शिवाय दंड आहे. सापडलेल्या नाण्याचा मालक समजण्यास काहीच मार्ग नसेल, तर ते ठेवून घेणाऱ्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘तू मालकाचा शोध घेतलास काय?’ एवढेच कायदा विचारतो.

जमिनीत पुरलेल्या धनासाठी स्वतंत्र कायदा आहे, १८७८ चा. त्याच्या नावाचा देशी भाषांतील अनुवाद ‘भारतीय निखात निधी अधिनियम’ असा होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन ज्याला सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावयाचे : काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे, कोणत्या दिवशी. ते सरकारी तिजोरीत ठेवावयाचे किंवा हजर करण्याची हमी द्यावयाची. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो, आणि हक्क सांगणाऱ्यांना समोर येण्यासाठी किमान चार महिन्यांचा अवधी देतो. मागील शंभर वर्षांच्या आत आपण किंवा आपल्या पूर्वजांनी ते पुरले असे कोणी म्हणत असेल आणि त्यात तथ्य दिसले, तर त्याला दिवाणी दाव्याची संधी दिली जाते. तसे कोणी नसेल तर धन बेवारस ठरते. जागेचा मालक वेगळा असून त्याने हक्क सांगितला आणि दोघांत निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागामालकाला मिळते. जागामालक पुढे आला नाही तर सर्वच सापडणाऱ्याचे. सरकारला ते हवे असेल तर सरकारने त्याची किंमत मोजावी. जो कळवीत नाही त्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हे तपशील आम्ही मुद्दाम विस्ताराने दिले. समजा, आज कोणाला आपल्या परसात खरोखरच हंडा सापडला. त्याला मांत्रिक लागत नाही, मुहूर्त लागत नाही, अमावास्या लागत नाही. एक अर्ज लागतो. कायद्याची सारी कृती उजेडात आणि मोठ्याने करावयाची आहे, तर गुप्तधनाची सारी कृती रात्री आणि कुजबुजत. गुप्तधन शोधणारा ज्याला विचारतो तो मुंजा, आणि ज्याला विचारावयाचे टाळतो तो जिवंत मालक. मानवतच्या कथेतला हा मर्माचा भाग दोन्ही कलाकृतींत कोठेही उच्चारला जात नाही.

विनयपिटकाशी परिचय असलेल्या वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. दुसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात, म्हणजे न दिलेले घेण्याच्या नियमात, वस्तू कोठे कोठे असू शकते याची लांब यादी आहे, आणि तिचा आरंभच भूमीतील धनापासून होतो. जे जमिनीत ठेवलेले, पुरलेले, झाकलेले आहे ते. तेथे पुरलेल्यासाठी जो पाली शब्द आहे तो ‘निखात’. आमच्या कायद्याच्या अनुवादकाने तो संस्कृतातून घेतला असणार, पण शब्द एकच आहे. पुढे भिक्खूची कृती पायरी-पायरीने तपासली आहे. चोरीच्या चित्ताने तो साथीदार शोधतो, किंवा कुदळ शोधतो, किंवा टोपली शोधतो, किंवा चालू लागतो : येथेच दुक्कट हा दोष झाला. त्या जागी उगवलेले झाड वा वेल तोडतो : दुक्कट. माती खणतो, रचतो, उपसतो : दुक्कट. हंड्याला स्पर्श करतो, तरी दुक्कटच. हंडा हलवितो तेव्हा थुल्लच्चय, आणि जागेवरून उचलतो तेव्हा तो भिक्खू राहिलाच नाही. हंड्यासाठीचा मूळ शब्द ‘कुम्भी’, आणि कुदळीसाठी ‘कुदाल’. अडीच हजार वर्षे हे हत्यार शेतकऱ्याच्या हातात त्याच नावाने आहे, ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते.

या विवेचनात दोषाचा आरंभ हंड्याला हात लागल्यावर होत नाही, साथीदाराच्या शोधात होतो. तेंडुलकर ज्या पायऱ्यांचा शोध घेत होते त्या येथे मांडून ठेवलेल्या आहेत. त्यांचे वाचन झाले असते तर ‘आक्रीत’चा पहिला अर्धा भाग निराळा झाला असता, असे आम्हाला वाटते. अर्थात कोणत्याही लेखकावर विनयपिटक वाचण्याची सक्ती करता येत नाही.

याच नियमाच्या शेवटी अपवाद दिले आहेत. आपलीच वस्तू समजून घेतली तर दोष नाही. विश्वासाच्या माणसाची, तात्पुरती, किंवा फेकून दिलेली समजून घेतली तर दोष नाही. पांसुकूल चीवराची सारी प्रथा या शेवटच्या अपवादावर उभी आहे. म्हणजे सापडलेली प्रत्येक वस्तू घेणे म्हणजे चोरी, असे धम्म म्हणत नाही. अट्ठकथेने अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत. त्यांतील पहिली दोन अशी : वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असणे आणि ती तशी आहे याची जाणीव असणे. त्यानंतर चोरीचे चित्त, प्रयत्न आणि अपहरण. खरोखर बेवारस असलेल्या धनाला हे लागू होत नाही, आणि ते आम्ही लपवू इच्छित नाही. पण याच अपवादांत आणखी एक शब्द आहे, त्यावर पूर्वीही विद्वानांनी लिहिले आहे. तरी मानवतच्या संदर्भात तो नव्याने वाचावासा वाटतो. तो शब्द म्हणजे ‘पेतपरिग्गह’. प्रेताच्या, म्हणजे भूतयोनीच्या, ताब्यातील वस्तू घेतली तर या नियमाचा भंग होत नाही. चोरी होते ती माणसाची. भुताची मालकी विनयाच्या दृष्टीने मालकीच नव्हे.

मानवतच्या प्रकरणात याचा अर्थ काय होतो ते पाहावे. धन मुंजाचे आहे, म्हणून मुंजाशी सौदा केला पाहिजे, आणि मुंजाची किंमत रक्त आहे, असा तेथील तर्क होता. यातील पहिलेच विधान विनयाने निकालात काढले आहे. मुंजा मालक नव्हे. त्याची परवानगी लागत नाही, म्हणून त्याला काही द्यावे लागत नाही. ज्यांना विचारावयाचे ते, कोणी असलेच तर, वाड्याचे जुने मालक, त्यांचे वारस, शेजारी, गाव. कोणी म्हणेल, पाली वाङ्मयात नाग-यक्ष आहेतच ना? आहेत. खुद्दकपाठातील निधिकण्ड सुत्तात माणूस खोल खड्ड्यात धन पुरतो, राजाच्या जाचापासून किंवा चोरांपासून सुटण्यासाठी, कर्ज फेडण्यासाठी, दुष्काळाच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून. मग ते जागेवरून सरकते, खूण विसरते, नाग ते हलवितात, यक्ष नेतात, नावडते वारस चोरून काढतात. पण नागाला बळी द्या असे हे सुत्त कोठेही सांगत नाही. पुरलेल्या धनाचा भरवसा नाही एवढेच सांगून ते दान, शील, संयम आणि दम यांच्या निधीकडे वळते. दुष्काळासाठी पुरलेले धन हा त्यातील उल्लेख वाचताना बहात्तर साल आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि नागाचेच म्हणाल तर धम्मपदाच्या अट्ठकथेतील शेतकऱ्याची गोष्ट पाहा. चोरांनी वाटणी करताना एका शेतात हजाराची थैली पडली. सकाळी आनंदासह तेथून जाताना तथागत म्हणाले, आनंदा, विषारी साप दिसतो का? आनंदांनी दिसतो म्हटले. नांगरणाऱ्या शेतकऱ्याने हे ऐकले, साप मारायला काठी घेऊन आला, आणि पाहतो तो थैली. त्याने तिच्यावर माती ओढली आणि नांगर पुढे चालविला. माग काढीत आलेल्यांनी त्याला पकडले, मारले, आणि वधस्थानाकडे नेले. वाटेत तो त्या दोघांचे बोलणे पुन्हा पुन्हा उच्चारीत राहिला, म्हणून राजाने चौकशी केली आणि तो सुटला. आमच्याकडे गुप्तधनावर नाग बसतो असे म्हणतात. या गोष्टीत धनच नाग आहे. तो शेतकरी निर्लोभी होता की फक्त गोंधळलेला, हे अट्ठकथा स्पष्ट करीत नाही. त्याने थैली खर्च केली नाही, पण कोणाला सांगितलेही नाही. मातीखाली झाकणे ही त्याची चूक आजच्या कायद्यातही अडचणीची ठरली असती.

झाकू नये, जाहीर करावे, हे विनयाने अन्यत्र स्पष्टच सांगितले आहे. पाचित्तियातील चौऱ्याऐंशीवा नियम सापडलेल्या मौल्यवान वस्तूंविषयी आहे. अचिरवती नदीवर स्नानास आलेला एक ब्राह्मण पाचशे नाण्यांची थैली विसरून गेला. हरवू नये म्हणून एका भिक्खूने ती उचलून ठेवली आणि परत आल्यावर त्याला दिली. परत मिळवून देणाऱ्याला वाटा द्यावा लागतो, तो चुकविण्यासाठी ब्राह्मण म्हणाला, माझी तर हजार होती! तेव्हा भिक्खूने अशी वस्तू उचलू नये असा नियम झाला. पुढे जेतवनात विशाखेचे अलंकार विसरले गेले, तेव्हा विहाराच्या आवारात सापडलेले उचलून ठेवण्यास अनुज्ञा मिळाली, आणि नंतर जेथे मुक्काम असेल तेथेही. अशी वस्तू ठेवताना खूण लक्षात घ्यावी, ज्याचे हरवले त्याने यावे असे जाहीर करावे, आलेल्याला तुझी वस्तू कशी होती ते विचारावे, जुळले तर द्यावी, न जुळले तर शोध म्हणावे. मुक्काम हलविताना ती योग्य भिक्खूकडे, तो नसेल तर योग्य उपासकाकडे सोपवावी. आपल्या विहारांतून उत्सवाच्या दिवशी चपला, छत्र्या, मुलांच्या पायातल्या वाळ्या सापडतात. त्यांच्यासाठी वेगळा नियम करण्याची गरज नाही.

नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा आणि नरबळीचा समावेश आहे. या कायद्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण तो अघोरी मार्गाला हात घालतो. मानवतच्या घटनेकडे केवळ अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून पाहण्याची सवय आम्हा बौद्ध अभ्यासकांनाही लागली आहे, आणि ती तपासली पाहिजे. अंधश्रद्धेच्या आधी तेथे एक गणित होते : न विचारता मिळणारे धन. मांत्रिकाने फक्त त्याची किंमत सांगितली. किंमत सांगणारा निराळा भेटला असता तर तो कदाचित एखादी कोंबडी म्हणाला असता.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या दोघांवर कटाचा, म्हणजे विनयाच्या भाषेत साथीदार शोधण्याचा, आरोप होता, ते सुटले. केवळ माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर, स्वतंत्र पुष्टीवाचून, कोणाला दोषी धरू नये हे तत्त्व योग्यच आहे, आणि न्यायालयाने ते पाळले याविषयी आमची तक्रार नाही. विनयात ही पायरी भिक्खू स्वतः ओळखतो आणि स्वतः सांगतो. तेथे साक्षीदार लागत नाही. न्यायालयाला बाहेरून पाहावे लागते, आणि साथीदाराचा शोध बाहेरून फार थोडा दिसतो. तो आतून दाखविता येतो फक्त कलावंताला. ‘आक्रीत’पाशी ती संधी होती, कारण तो आरोपींच्या घरात शिरला होता. ‘मानवत मर्डर्स’ने दार ठोठावणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर उंबऱ्यावर थांबणे पसंत केले. ज्या हंड्यासाठी त्या मुली गेल्या तो कोणी पाहिलेला नाही. त्याचा मालक कोण, हे विचारणारे एखादे पात्र, एखादी म्हातारी, एखादा तलाठी, या दोन्ही कथांत कोठे तरी असायला हवे होते.